फिशरच्या ऑपरेशननंतर: सावकाश बऱ्या होणाऱ्यांसाठी

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी सर्जनना विचारलं, ‘किती दिवस लागतील?’ ते म्हणाले, ‘उद्या घरी, सोमवारपासून ऑफिस.’ त्यांचं काही चुकलं नाही. मी दुसऱ्या दिवशी घरी आलो आणि सोमवारी ऑफिसलाही गेलो. फक्त जखम पूर्ण भरायला त्यानंतर नऊ आठवडे लागले, आणि त्या नऊ आठवड्यांत काय करायचं हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर चार ओळी होत्या: गोळ्या, मलम, टब, पातळ आहार.

हा लेख त्या चार ओळींचा विस्तार आहे. जुन्या फिशरसाठी, म्हणजे गुदद्वाराच्या न भरणाऱ्या चिरेसाठी, सगळ्यात जास्त केल्या जाणाऱ्या ऑपरेशनला लॅटरल इंटर्नल स्फिंक्टरोटॉमी म्हणतात. ते झालेल्यांसाठी, आणि विशेषतः ‘शेजारचा तर आठ दिवसांत ठणठणीत झाला’ हे ऐकून धास्तावलेल्यांसाठी मी लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, रुग्ण होतो. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण आत काय केलं हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आधी समजून घ्या, आत काय झालं आहे

आपल्याकडे त्या जागेचं कुठलंही दुखणं म्हणजे मूळव्याध. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातींतही मूळव्याध, फिशर, भगंदर एका दमात लिहिलेले असतात. ते तीन वेगळे आजार आहेत. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या नाजूक कातडीला पडलेली उभी चीर. बहुतेकांना ती पाठीच्या बाजूला, मधोमध पडते. सहा ते आठ आठवड्यांत भरली नाही की ती जुनी धरतात. मग तिच्या तोंडाशी कातडीचा एक कोंब येतो, आणि लोक त्यालाच ‘मोड’ समजतात.

चीर भरत का नाही? तिच्याखाली एक गोल स्नायू आहे, जो आपल्या ताब्यात नसतो. दुखलं की तो आवळतो, आवळला की तिथला रक्तपुरवठा घटतो, रक्त कमी म्हणून चीर भरत नाही, आणि भरत नाही म्हणून पुन्हा दुखतं. ऑपरेशनमध्ये या स्नायूचा थोडा भाग बाजूने कापतात, म्हणजे आवळणं सैल पडतं.

पुष्कळ जण समजतात की चीर कापून शिवून टाकली. बऱ्याचदा चिरेला हातही लावलेला नसतो. स्नायू कापला बाजूला, चीर आहे तिथेच मागे, म्हणजे आता जागा दोन. स्नायू सैल झाल्यामुळे जुना ठणका थोड्याच दिवसांत उतरतो. चीर मात्र त्यानंतर आपल्या गतीने, तळापासून वर भरत येते, आणि त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. ठणका गेला म्हणजे जखम भरली, या गैरसमजातून तिसऱ्या आठवड्यात मिसळ खाल्ली जाते. (मी खाल्ली होती.)

म्हणून दवाखान्यातून निघण्याआधी तीन प्रश्न विचारून कार्डावर लिहून घ्या. फक्त स्नायू कापला की चीर आणि कोंबही काढला? टाके आहेत का, आणि ते आपोआप विरघळणारे आहेत का? तपासणीला काही तुकडा पाठवला आहे का? चीर खरवडून किंवा कोंब काढून घेतला असेल तर उघडी जखम मोठी असते आणि तुमचं वेळापत्रक शेजाऱ्याच्या वेळापत्रकाशी जुळणारच नाही. ‘लेझरने केलं’ एवढं उत्तर पुरेसं नाही. लेझर हे हत्यार आहे, त्याने काय केलं ते विचारा.

घरी येण्याआधीची तयारी

ही तयारी आदल्या आठवड्यातच करून ठेवा. कमोडवर बसणारा प्लास्टिकचा टब मेडिकलमध्ये मिळतो; नाहीतर कंबरेपर्यंत बसता येईल असं रुंद घमेलं किंवा लहान बाळाचा टबही चालतो. इसबगोलचा डबा. साधे, बिनवासाचे सॅनिटरी पॅड. पुरुषांनीही लाजायचं कारण नाही, पहिले दहा-बारा दिवस कपडे खराब होण्यापासून तेच वाचवतात. सैल सुती अंतर्वस्त्रं. संडासात पायाखाली ठेवायला १५ ते २० सेंटीमीटर उंचीचं काहीतरी. जेवायचा पाट बुटका पडतो. न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल बरोब्बर येतं. आणि एक छोटी वही, तिचं काम पुढे सांगतो.

पहिले दोन दिवस

पाठीच्या मणक्यात भूल दिली असेल तर पाय जागेवर यायला काही तास जातात. पहिल्यांदा उठताना कुणाचा तरी हात धरा. पहिल्या दिवशी लक्ष ठेवायची मुख्य गोष्ट म्हणजे लघवी. भुलीमुळे आणि दुखण्यामुळे ती अडू शकते. सहा-आठ तास झाले, ओटीपोट फुगल्यासारखं वाटतंय आणि होत नाही, तर ‘होईल’ म्हणत बसू नका, कळवा. कोमट पाण्याच्या टबात बसून किंवा नळ सोडून पुष्कळांना होते.

मणक्यातल्या भुलीनंतर कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचित्र डोकेदुखी सुरू होते: उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थांबतं. तिच्यावर उपाय आहे, पण डॉक्टरांना सांगावं लागतं.

दुखण्याच्या गोळ्या वेळेवर घ्या. दुखणं चढल्यावर घेतलेली गोळी निम्मीच लागू पडते. पण पॅकेटच्या मागे काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे अनेक वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं आणि वरून वेगळी पॅरासिटामॉलही घेतली जाते. सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच जायचं नाही. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर मर्यादा त्याहून खाली आहे, ती विचारून घ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या जेवणानंतर. अ‍ॅसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. आणि ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली गोळी दिली असेल तर सावध व्हा. ती दुखणं मारते, पण मल घट्ट करते. लोहाच्या गोळ्यांचंही तेच. अशा गोळ्यांबरोबर मल मऊ करणारं औषध आहे ना, एवढं पाहा.

कापल्याच्या बाजूला कातडी निळी-काळी दिसली तर घाबरू नका, मुका मार लागल्यावर दिसते तशी ती दिसते. पॅडवर थोडं रक्त, नंतर पिवळसर पाणी, हेही अपेक्षित आहे.

पहिला संडास

खरा मुद्दा हा आहे. महिनोन्‌महिने फिशर भोगलेल्या माणसाला ऑपरेशनची जेवढी भीती नसते तेवढी या सकाळची असते. संडासला जायला लागू नये म्हणून लोक जेवण कमी करतात, पाणी कमी पितात, आलेली कळ दाबून धरतात. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे बाहेर येतं ते दगड असतं, आणि भीती खरी ठरते. उपाशी राहून संडास टळत नाही. तो फक्त घट्ट होऊन उशिरा येतो.

माझा क्रम असा होता, आणि तो मी अजूनही पाळतो.

सकाळी उठल्यावर गरम पाणी किंवा चहा, आणि त्याबरोबर काहीतरी खाणं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं. ही शरीराची नैसर्गिक हालचाल आहे आणि सकाळी ती सगळ्यात जोरकस असते. रिकाम्या पोटी नुसतं जाऊन बसण्यापेक्षा नाश्त्यानंतर अर्ध्या तासात जाणं सोपं पडतं. दुखण्याची गोळी त्याआधी अर्धा-पाऊण तास झालेली असावी. डॉक्टरांनी बधिर करणारी जेली दिली असेल तर ती दहा मिनिटं आधी, बोटाच्या टोकाने, फक्त तोंडाशी.

कळ आली की जायचं, ‘एवढा फोन संपवून’ नाही. कमोडवर असाल तर पाय स्टुलावर, गुडघे कंबरेपेक्षा वर, कोपरं मांडीवर, पाठ सरळ ठेवून थोडं पुढे झुका. उकिडवं बसल्यावर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला जे वळण आहे ते सरळ होतं, तेच इथे साधायचं आहे. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर ती बैठक आपोआप मिळते. फक्त पहिल्या दिवसांत अशक्तपणाने उठताना तोल जाऊ नये म्हणून धरायला काहीतरी हवं.

आता न कुंथता काम व्हायचं आहे. तोंड बंद करून, श्वास कोंडून जोर लावला की खालचा स्नायू उलट आवळतो. त्याऐवजी नाकाने श्वास पोटात भरा, पोट पुढे येऊ द्या, आणि मेणबत्तीवर हलकेच फुंकर घालावी तसा तो तोंडाने हळूहळू सोडा. तीन-चार वेळा. झालं तर झालं. पाच-सात मिनिटांत काही झालं नाही तर उठा, घरात चक्कर मारा, पुढच्या कळेला पुन्हा जा. मोबाइल बाहेर ठेवायचा तो याचसाठी. बातम्या वाचत वीस मिनिटं बसलं की तेवढा वेळ खाली ताण राहतो आणि सूज वाढते.

दुखेल का? हो. पण बहुतेकांना तोच फरक जाणवतो जो मला जाणवला: पूर्वी काचेने कापल्यासारखं व्हायचं आणि मग तीन-चार तास ठणका. आता चरचर झाली, आणि वीस मिनिटांनी मी चहा पीत होतो. कमोडमध्ये रक्ताचे थेंब दिसतील. पाण्यात पडलेला एक थेंबही पाणी लाल करतो, त्यामुळे दिसतं त्यापेक्षा ते कमी असतं.

तीन दिवस पूर्ण होऊनही संडास झाला नाही तर चौथ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा. स्वतःच्या मनाने एनिमा नको, बोट घालणं नको, आणि आजीचं एरंडेल तर नकोच. जोराचे जुलाब झाले तर पातळ मल जखमेला घट्ट मलाइतकाच त्रास देतो. रात्री घेऊन सकाळी ‘पोट साफ’ करणारी सोनामुखीची चूर्णंही याच कारणाने बाजूला ठेवा.

मल कसा हवा, आणि तो तसा कसा ठेवायचा

१९९७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मलाचे सात प्रकार सांगणारा एक तक्ता प्रसिद्ध केला. डॉक्टर तो अजूनही वापरतात. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्या, सातवा म्हणजे नुसतं पाणी. आपल्याला हवा चौथा, म्हणजे पिकलेल्या केळ्यासारखा: गुळगुळीत, मऊ, पण आकार धरून असलेला. पाचवाही चालेल. सगळं खाणंपिणं या एका लक्ष्याभोवती फिरतं.

‘पातळ आहार’ या शब्दाने फार घोटाळा होतो. लोक आठवडाभर पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर खातात. पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम तांदळात जेमतेम ३ ग्रॅम तंतू. तेवढ्याच ज्वारीत किंवा गव्हाच्या कोंडा न काढलेल्या पिठात १० ते ११, नाचणीत सुमारे ११. साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही, आणि उपवासाच्या दुसऱ्या दिवशी पोट का अडतं त्याचं उत्तर यातच आहे. पहिल्या दिवशी भुलीनंतर मऊ खा, ठीक आहे. दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्या जेवणाकडे या. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत.

माझं ताट साधारण असं असायचं: सकाळी नाचणीचं सत्त्व नव्हे, नाचणीची आंबील किंवा धिरडं (सत्त्व गाळताना कोंडा निघून जातो, ते लक्षात ठेवा). दुपारी ज्वारीची भाकरी, अळूचं फदफदं किंवा मुगाचं सालीसकट वरण, वाटीभर दुधी-पडवळ-भोपळा यातलं काही, ताक. चारला पपई. रात्री पुन्हा भाकरी किंवा पोळी, भाजी, वर चमचाभर तूप. भिजवलेले काळे मनुके आणि अंजीर चांगले लागू पडतात. पेरूत तंतू भरपूर असतात; बिया टोचतात अशी भीती असेल तर पहिले पंधरा दिवस गाभा काढून खा.

तंतू एकदम वाढवू नका, पोट फुगतं आणि वायू धरतो, जो या दिवसांत नको असतो. आणि पाण्याशिवाय तंतू म्हणजे वाळलेला चारा. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर पाणी हवं, उन्हाळ्यात जास्त. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र पाण्याचं माप डॉक्टरांकडून घ्यावं.

तिखटाबद्दल मतभेद आहेत, माझ्या मनात नाहीत. मिरचीतला जळजळणारा पदार्थ पूर्ण पचत नाही, तो खालपर्यंत जातो आणि जखमेवरून जाताना आपली ओळख देतो. ठेचा, तर्री, झणझणीत सुकं सहा आठवडे बंद. मांसाहार वर्ज्य नाही, पण नुसतं मटण-भात आणि भाजी नाही असं जेवण नको. मैदा, म्हणजे पाव, खारी, बिस्किटं, कमीत कमी. चहा दोन कप ठीक, दारू नको.

इसबगोल बहुतेक घरांत चुकीचं घेतलं जातं. चमचाभर तोंडात टाकून दोन घोट पाणी, आणि झोप. ती भुकटी पाणी शोषून फुगते, तेच तिचं काम आहे. पाणी तुम्ही दिलं नाही तर ती आतड्यातून ओढून घेते आणि मल आणखी अडतो. पूर्ण पेलाभर पाण्यात चमचाभर ढवळायचं, घट्ट होण्याआधी लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा पेला पाणी. एका चमच्याने सुरुवात करून तीन-चार दिवसांनी गरज वाटली तर दोन. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून ‘आज घेतलं, उद्या काही नाही’ म्हणून सोडू नका. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल दिलं असेल तर तेही मलात पाणी धरून ठेवतं. त्याचं माप मल बघून कमी-जास्त करायचं असतं, ते कसं करायचं हे सर्जनकडून समजून घ्या.

टब

दिवसातून दोन-तीनदा, त्यातला एकदा संडासनंतर लगेच. दहा ते पंधरा मिनिटं. पाणी कोमट, बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपर घालून बघतात तसं बघा. भूल उतरल्यावर पहिले काही दिवस तिथली संवेदना नीट कळत नाही, आणि कढत पाण्याने भाजल्याची उदाहरणं असतात.

टबाने जखम झपाट्याने भरते असं नाही. त्याने स्नायू सैल पडतो, ठणका उतरतो, जागा स्वच्छ होते, आणि त्या दिवसांत एवढं पुष्कळ असतं. पाण्यात काय घालायचं? काहीच नाही. मीठ, तुरटी, हळद, झाकणभर अँटिसेप्टिक, सगळं बाजूला. डॉक्टरांनी एखादं औषध लिहून दिलं असेल तर तेवढंच, मापाने. अंदाजाने ओतलेलं अँटिसेप्टिक कच्ची कातडी भाजतं आणि मग खाज सुटते. उठताना हळू उठा. कोमट पाण्यात बसून उठल्यावर चक्कर येते.

स्वच्छतेचंही असंच. कागद नको, पाणीच बरं, आणि त्याबाबतीत आपण भाग्यवान आहोत. पण जेट स्प्रे पूर्ण दाबाने जखमेवर मारू नका. प्लास्टिकचा मग, तांब्या किंवा मंद धार वापरा. साबण आत नाही. मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. पंख्याखाली पाच मिनिटं आडवं पडलं तर आणखी बरं. ओल राहिली की खाज सुटते आणि ती दुखण्यापेक्षा जास्त वैताग आणते. मलम कार्डावर आहे तेच आणि तेवढेच दिवस. घरात उरलेली स्टेरॉइडची ट्यूब लावायचा मोह होतो. फार दिवस लावल्यास ती कातडी पातळ करते.

बसणं, चालणं, गाडी

भोक असलेली गोल उशी बघायला शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना आधार आणि मध्ये पोकळी यामुळे खालचा भाग ताणला जातो. साधी मऊ, सपाट उशी बरी. कुशीवर झोपा. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा.

चालणं दुसऱ्या दिवसापासून: घरात, मग गच्चीवर, मग गल्लीत. चालल्याने आतडंही चालतं. भुलीनंतर २४ तास गाडी चालवायची नाही. पुढे चारचाकी चालवायची कसोटी अशी की अचानक ब्रेक दाबावा लागला तर दुखण्यामुळे पाय अडखळणार नाही ना. दुचाकीला मी तीन आठवडे हात लावला नाही. आमच्याकडचे खड्डे पाहता तो निर्णय मला अजूनही योग्य वाटतो. एसटीने लांबचा प्रवास टाळा, टळत नसेल तर मधल्या सीटवर बसा, मागच्या नाही.

टेबलावरचं काम असेल तर तीन-चार दिवस ते आठवडा, उभ्याचं किंवा ओझ्याचं काम असेल तर दोन-तीन आठवडे सुटी धरून चाला. भरलेली कळशी, गॅस सिलिंडर, जिममधली वजनं सर्जनने हिरवा कंदील दाखवेपर्यंत नाही, कारण उचलताना आपण नकळत कुंथतो. नमाज, वज्रासन, मांडी घालून बसणं दुखत नसेल तर चालतं.

ऑफिसात काय सांगायचं हा प्रश्न उरतोच. मी ‘छोटं ऑपरेशन’ म्हणालो आणि तीन दिवसांत सगळ्यांना कळलं. त्यातले दोघे नंतर हळूच येऊन विचारून गेले, ‘मलाही होतंय, कोण डॉक्टर?’

मोजायचं काय

आता वही. रोज एका ओळीत चार गोष्टी: मल ब्रिस्टलच्या कुठल्या प्रकारचा, रक्त किती (नाही, थेंब, धार), संडासच्या वेळी दुखलं का, आणि नंतर किती मिनिटं दुखत राहिलं. सगळ्यात महत्त्वाचा आकडा चौथा. दुखलं की नाही हे विचारत राहिलात तर चार आठवडे रोज उत्तर ‘हो’ येईल आणि तुम्ही खचाल. मिनिटं लिहिलीत तर पहिल्या आठवड्यात ४०, तिसऱ्यात १५, पाचव्यात ५ असा उतार दिसेल. माझा उतार सरळ नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ५ मिनिटांवर आलेलं दुखणं, त्या मिसळीनंतर आणि एका घट्ट दिवसानंतर, पुन्हा दीड तासावर गेलं. मला वाटलं सगळं उसवलं. वही उघडली तेव्हा दिसलं की पहिल्या आठवड्यात असाच दिवस चार तासांचा होता.

दिवसाची तुलना दिवसाशी करू नका, आठवड्याची आठवड्याशी करा. वाईट दिवस आला तर ठरलेलं करा: त्या दिवशी टब तीनदा, गोळी वेळेवर, इसबगोल आणि पाणी वाढवा, तिखट शून्य, आणि दुसऱ्या दिवशी संडास चुकवू नका. दोन-तीन दिवसांत घडी परत बसते. बसली नाही, तर ‘फोन कधी उचलायचा’ हा भाग वाचा.

वायू आणि गळती

याविषयी कुणी बोलत नाही, म्हणून बोलतो. स्नायूचा भाग कापलेला असल्यामुळे सुरुवातीला वायू धरून ठेवता येत नाही, कधी अंतर्वस्त्राला पुसटसा डाग लागतो. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत निवळतं, काही थोड्यांचं वायूपुरतं राहतं. दुखणं पूर्ण थांबल्यावर आणि सर्जनने हो म्हटल्यावर व्यायाम सुरू करता येतो: वायू रोखताना जे आवळतो ते पाच सेकंद आवळायचं, मग पूर्ण सैल सोडून दहा सेकंद; दहा वेळा, दिवसातून तीनदा. ठणका असताना हा व्यायाम करू नका, तेव्हा सैल सोडायलाच शिकायचं असतं. ज्या स्त्रियांना बाळंतपणात खाली मोठी इजा झाली होती किंवा टाके उसवले होते, त्यांनी हे ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं. राहून गेलं असेल तर पहिल्या तपासणीला सांगा.

फोन कधी उचलायचा

रात्र असली तरी थांबू नका, जर: पॅड भिजून जातोय किंवा रक्ताच्या गाठी पडतायत, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर आहे किंवा थंडी वाजते आहे. लघवी अडली आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं उतरायच्या ऐवजी चढतंय, बसवत नाही, बाजूला टणक गरम सूज आहे किंवा पू येतोय. शेवटच्या प्रकारात गळू झालेला असू शकतो, तो गोळ्यांनी दबत नाही. मल धरताच येत नसेल तर त्याच दिवशी कळवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि मधुमेहींनी उंबरठा आणखी खाली ठेवावा.

आठ आठवडे झाले आणि मिनिटांचा आकडा हलतच नसेल, तर पुन्हा तपासणी हवी. स्नायू कमी कापला गेला असेल, जागा अजून आवळत असेल, किंवा मुळात चीर साधी नसेल. मधोमध नसलेली, एकापेक्षा जास्त असलेली किंवा भरून पुन्हा पुन्हा उघडणारी चीर दिसली की डॉक्टर क्रोन्ससारखा आतड्याचा आजार किंवा क्षयरोगही तपासतात. ती तपासणी टाळू नका. या टप्प्यावर लोक बिनाऑपरेशनच्या पाटीकडे वळतात आणि बोटांनी ‘रुंद करून’ घेतात. त्यात स्नायू किती आणि कुठे फाटेल यावर कुणाचाच ताबा नसतो. क्षारसूत्राचं, म्हणजे आयुर्वेदातल्या औषध लावलेल्या धाग्याचं, नावही इथे निघतं, पण ते मुख्यतः भगंदरासाठी आहे.

आणि बरं झाल्यावर? सर्जनने मला इसबगोल निदान तीन महिने सोडू नका म्हणून सांगितलं होतं. मी अजून घेतो. प्रवासाला निघताना बॅगेत तीन गोष्टी असतात: इसबगोलची पाकिटं, लिटरची पाण्याची बाटली, आणि संडासात पायाखाली ठेवायचं ते घडीचं स्टूल. शेवटच्या गोष्टीवरून घरात अजून चेष्टा होते, पण मागच्या दिवाळीत गावी मेव्हण्याने ते दोन दिवस परत दिलं नाही.